हिरव्या बटणाचा मान

आमचा जयराज पुण्याला कॉन्फरन्सला जाऊन आला आणि त्या दिवसापासून त्याला ऑफिसातला कागद डोळ्यांपुढं नको झाला.

कॉन्फरन्स म्हणजे काय, तर मोठ्या हॉटेलात भर मे महिन्यात स्वेटर घालावा इतक्या गार हवेत बसायचं, आणि कोट घातलेला एक माणूस सांगतो की तुम्ही आजवर जे केलं ते सगळं चुकलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आमच्या गावात कुणी येऊन असं बोललं असतं तर त्याला कोणी चहासुद्धा विचारला नसता. जयराज मात्र तिथून एक काळी पिशवी, एक पाण्याची बाटली आणि गळ्यात अडकवायची पट्टी घेऊन आला. पट्टीला कार्ड, कार्डावर त्याचं नाव. जेवायला बसला तरी गळ्यात तीच.

मी म्हटलं, "घरात तुला कोण ओळखत न्हाई असं वाटतंय का रं?"

"आई, तू आधी ऐकून तर घे मी काय शिकून आलो ते."

ऐकलं. न ऐकून सांगते कुणाला.

आमचं कोल्ड स्टोरेज सांगलीबाहेर, तासगावच्या रस्त्याला. तासगाव, कवठेमहांकाळ, जत इकडचे शेतकरी बेदाणा आणून ठेवतात आणि सौद्याला लागेल तसा नेतात. माझे मालक लालासाहेब मिलिटरीतून सुभेदार होऊन आले, त्यांनी हे उभं केलं. ते गेल्यावर मी चालवलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि माझ्या वडलांना पोरीपेक्षा म्हशीची काळजी जास्त. तरी इतकी वर्षं माझ्या सहीशिवाय त्या गेटातून काही बाहेर पडलं नाही. कागद माझ्यासमोर यायचा. मी वाचत बसायची नाही. आणणाऱ्याला विचारायची, "काय हाय ह्यात?" आणि तो सांगत असताना त्याच्या तोंडाकडं बघायची. तोंड सरळ असलं तर सही, नसलं तर कागद परत. आमचं ऑफिस असं चालत होतं आणि बेदाण्याला कधी भुंगा लागला नाही.

जयराजचं म्हणणं, हे बंद. कागद जितक्या जास्त हातांतून जातो तितका तो कुजतो, असं त्या कोटवाल्यानं सांगितलं होतं. म्हणून मधले हात कमी करायचे. कागद कॉम्प्युटरमध्येच जन्माला येणार, त्याचा तोच पुढं सरकणार, ज्यानं बघायचा त्याच्या फोनवर जाणार, त्यानं हिरवं बटण दाबलं की पुढच्याकडं. शेवटी मशीन नंबर घालून, खाली चौकोनी ठसा मारून कागद छापणार. तो चौकोन फोननं बघितला की कुणालाही कळणार, कागद खरा का खोटा.

खरं सांगायचं तर मला ते तेवढं वाईट वाटलं नव्हतं. हात कमी करा हे मी त्याला लहानपणापासून सांगत आले होते, तेव्हा ऐकलं नाही. आता कोटवाल्यानं सांगितलं तर वहीत उतरवून आणलं.

एका रविवारी त्यानं सगळ्या डायरेक्टरांना ऑफिसात बोलावलं. डायरेक्टर म्हणजे माझे दोन धाकटे दीर, दादासो आणि भाऊसो, आणि साताऱ्याचे आमचे जावई विश्वजीतराव. मालकांनी सगळ्यांचा मान राखायचा म्हणून सगळ्यांना कागदावर घेतलेलं. कामाला मात्र एकटा जयराज. दादासो ऑफिसात यायचे ते गाडीत हवा भरायला या बाजूला आले तर. भाऊसो तेवढेही यायचे नाहीत. या दोघांचं आपसात बोलणं नाही. भाऊसोंच्या थोरलीच्या लग्नात पत्रिकेवर दादासोंचं नाव भाऊसोंच्या मेव्हण्याच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून. मेव्हणा आता वारलाही, पण अबोला आहे तसाच.

जयराजनं पांढऱ्या फळ्यावर तीन चौकोन काढले, मध्ये दोन बाण. "ऑफिसातली सोनिया कागद टाकणार. मी तपासणार. आई मंजूर करणार. संपलं."

दादासो खुर्चीत मागं रेलले. "बरं हाय. लय छान हाय. आन् आमी?"

"काका, तुम्हाला कशाला रोजचा त्रास?"

"तरास कसला? पत्रिकेत नाव घातलं म्हणून कुणाला तरास झालेला मी तरी बघितला न्हाई."

भाऊसो खिडकीतून बाहेर बघत होते. दादासोंशी बोलायचं नसतं म्हणून ते कुठलीही गोष्ट माझ्याकडं बघून बोलतात. आता खिडकीकडं बघून माझ्याशी बोलले, "वैनी, कुणाचं घालणार असशीला तर आमचंबी घाला. येवढंच. आमाला काय मानाची हौस न्हाई."

जयराजनं दोन चौकोन वाढवले.

"आन् जावई?" दादासो म्हणाले. "जावयाचं राहिलं तर आमची मंगल माहेरी यून बसंल."

विश्वजीतराव साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात खरेदी बघतात. तिथं बसून बसून त्यांचं बोलणंही टिपणी लिहिल्यासारखं झालंय. ते म्हणाले, "माझा आग्रह नाही. पण वगळण्याचं कारण कळावं."

आणखी एक चौकोन.

मी हे बघत होते. ज्या पोराला मधले हात कमी करायला पुण्याला पाठवलं, त्यानं चहा निवायच्या आत घरचे सगळे हात गोळा करून फळ्यावर मांडले. वर माझं नाव, त्याखाली दादासो, त्याखाली भाऊसो, मग जावई, आणि सगळ्यात तळाला तो स्वतः, वयानं लहान म्हणून.

मी म्हटलं, "जयराज, ही तुझी कॉन्फरन्स न्हवं, ही लग्नाची पत्रिका झाली. खाली तेवढं 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून पोरांची नावं घाल."

"आई, लोकांना सोबत घेऊन जायचं असतं. तेही सांगितलं होतं तिथं."

तिथं आमची भावकी कुणी बघितली होती!

सिस्टिम सुरू झाली. आता पत्रिकेत मानाचं नाव वर असतं आणि त्यात कुणाला काही करावं लागत नाही. पण मशीन अडाणी, ते वरून सुरू होतं. झाडू आणायचा असला तरी कागद आधी माझ्या फोनवर, मग दादासोंच्या. ड्रायव्हरची रजा, गेटाचं कुलूप, बाथरूमचा नळ, सगळं टिंग टिंग करत दादासोंच्या खिशात. दोन दिवस त्यांना बरं वाटलं. चारचौघांत फोन वाजला की मोठ्यानं म्हणायचे, "कंपनीचा हाय." तिसऱ्या दिवशी इस्लामपुरात साखर कारखान्यातल्या कुणा ओळखीच्यानं त्यांना विचारलं, "पहिली सही तुमची? आवं, पहिली सही क्लार्कची असती. सायबाची शेवटी."

दादासो तिथून थेट माझ्या दारात.

"वैनी, मी क्लार्क हाय व्हय?"

"मला काय इचारताय? फळ्यावर नाव घाला म्हणून कोण बसलं हुतं?"

"नाव घाला म्हटलं हुतं. झाडू आणा म्हटलं न्हवतं."

जयराजनं यादी उलटी केली. आता पहिला तो, मग जावई, मग भाऊसो, मग दादासो, शेवटी मी. दादासो खूश. भाऊसोंना ते कळायला एक दिवस लागला. मग त्यांचा फोन आला, "वैनी, त्यांच्या आधी मी बटण दाबायचं म्हंजे मी त्यांचा हाताखालचा? मी दाबणार न्हाई. मरू दे तो झाडू." जयराजनं दोघांची अदलाबदल केली. दादासो बसले रुसून. पुन्हा अदलाबदल केली. भाऊसो बसले. त्या महिन्यात आमच्या ऑफिसात एकच काम झालं, ते म्हणजे दादासो आणि भाऊसोंना वर-खाली करणं. ह्या दोघांच्या अलीकडं जावई. ते बटण दाबायचे, पण वर एक ओळ घालायचे: 'चर्चा करावी.' नळ गळतोय, चर्चा करावी. कुणाशी करायची ते लिहायचे नाहीत.

आणि तरी बेदाणा येत होता, जात होता. कसा? तोंडावर. जयराज फोनवरून सांगायचा, "सोडा रे गाडी, कागद मागून होईल." म्हणजे आधी निदान कागदावर चालायचं, पुण्याहून शिकून आल्यावर ते हवेवर चालायला लागलं. फळ्यावरचे बाण मात्र तो रोज फडक्यानं पुसून नव्यानं काढायचा. लय सुबक काढायचा.

तोंडावर जे होत नाही असं काही निघालं नसतं तर हे असंच चाललं असतं. ते निघालं सोनियाचं.

सोनिया आमच्या ऑफिसातली पोरगी. जतकडची, मेंढरं राखणाऱ्यांच्यातली. बाप अजून मेंढरांमागं फिरतो. ही बी.एस्सी. झाली आणि चार-पाच वर्षांमागं आमच्याकडं लागली. बेदाण्याचे नमुने तपासायचे, खोल्यांचं तापमान बघायचं, आणि आता हे कॉम्प्युटरचं. कामाला वाईट नाही. पण बोलताना जमिनीकडं बघते. मला ते अजिबात खपत नाही.

एक दिवस ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"आक्का, जरा काम हुतं."

"काम फरशीशी हाय का माझ्याशी? वर बघ."

वर बघितलं. डोळे रडून सुजलेले.

साताऱ्यात सरकारी प्रयोगशाळेत जागा निघाली होती. परीक्षा दिली, पास झाली, यादीत नाव लागलं. आता दुसऱ्या दिवशी साताऱ्यात कागदपत्र तपासणी होती. सगळं जमलं होतं, आमच्याकडचा अनुभवाचा दाखला तेवढा नव्हता. तो नसेल तर तिच्या जागी यादीतला पुढचा. आणि पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे उद्या हुकलं की कायमचं हुकलं.

"दाखल्याला काय धाड भरली? मागायचास."

"मागितला, आक्का. लय दिवस झालं. सिस्टिममधी टाकलाय. जयराज सायबांनी लगीच दाबलं. विश्वजीत सायबांनीबी दाबलं, चर्चा करावी म्हणून लिवलंय. भाऊसो काकांच्यात अडकलाय."

"त्यांच्याकडं गेलीस?"

"गेलो की. काका म्हणलं, पोरी तुझ्यावर राग न्हाई, पण मी आधी दाबलं तर त्यांना वाटंल मी नमलो. दादासो काकांच्याकडंबी गेलो. ते म्हणलं, माझ्याकडं आलाच न्हाई कागद, त्या शान्याला इचार. म्हणून सायबांनी दोघांची अदलाबदल केली, तर मग दादासो काकांनी दाबलं न्हाई."

एका पोरीचं सगळं आयुष्य एका बाजूला, आणि माझे दोन दीर, दोघंही नातवंडांचे आजोबा, दुसऱ्या बाजूला अंगठा आखडून बसलेले. मी आजवर रुसलेल्या नवऱ्या मुली बघितल्यात, रुसलेले व्याही बघितलेत. रुसलेला अंगठा पहिल्यांदा बघत होते.

"आण कागद," मी म्हटलं. "मी सही करते. कोऱ्या लेटरहेडवर लिहून आण."

"लेटरहेडं न्हाईत आक्का. सायबांनी रद्दीत घातली. आता मशीनच छापतंय." तिनं पिशवीतून एक कागद काढला. मंजुरी बाकी असतानाच मशीनवर कच्चा छापून घेतलेला तिचा दाखला. खाली तो चौकोनी ठसा. सहीची जागा कोरी.

मी सही केली. वि. ला. पाटील. माझा जुना शिक्का होता, तो मारला. दोनदा मारला. "जा. माझ्या सहीवर इथं गाड्या सुटल्यात, तुझी नोकरी का सुटंल? आणि मीबी येते उद्या साताऱ्याला. मंगलकडं जायचंच हाय, दोन दिवस राहीन. तुला सोडते."

खरं म्हणजे तिच्या तोंडावर विश्वास दिसत नव्हता, म्हणून मी गाडीत बसले.

साताऱ्याचं ते ऑफिस गर्दीनं भरलेलं. पोरं-पोरी फायली छातीशी धरून उभी. तपासायला बसलेला अधिकारी तरणा होता, चष्म्यातला, सभ्य. सोनियाचे सगळे कागद बघितले, एकेकावर खूण केली. आमचा दाखला आला तेव्हा त्यानं फोन चौकोनावर धरला. फोनकडं बघितलं. परत धरला.

"ह्यावर मंजुरी प्रलंबित असं येतंय."

मी पुढं झाले. "सही बघा की. माझी हाय. मी चेअरमन हाय. समोर उभी हाय."

"मावशी, सही तुमची असेल, मी नाही कुठं म्हणतोय?" त्यानं फोन माझ्यासमोर केला. पिवळ्या पट्टीवर काहीतरी लिहिलेलं. "पण हे तुमच्याच कंपनीनं लिहिलंय, दोन मंजुऱ्या झाल्यात, तीन बाकी. तुमची कंपनीच तुमची सही मानत नाही, तर मी कशी मानू?"

मागं रांगेत कुणीतरी हसलं.

ह्या साताऱ्यात माझ्या मालकांच्या रेजिमेंटची माणसं अजून मला रस्त्यात नमस्कार करतात. आणि मी तिथं, एका टेबलापुढं, माझ्याच शिक्क्याचा कागद हातात धरून खोटी ठरले. माझ्या पोराच्या हुशारीनं ठरले. त्या अधिकाऱ्याला बोलायला काही जागा नव्हती. तो बरोबर होता. मला बरोबर माणसाचा लय राग येतो.

"कवापर्यंत चालंल?" मी विचारलं.

"ऑफिस सुटेपर्यंत बसलोय मी. तोवर इथं हिरवं दिसलं तर घेतो. त्यानंतर माझ्या हातात नाही."

सोनिया भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती. ते जास्त वाईट. मी तिला म्हटलं, "हितंच उभी राहा, हलू नको," आणि व्हरांड्यात येऊन जयराजला फोन लावला.

"आई, पोचलीस का? काम झालं?"

"तुझं मशीन म्हणतंय मी खोटी हाय."

तो म्हणाला, "मी दोन्ही काकांना सकाळपासून फोन करतोय. भाऊकाका म्हणतात दादाकाकांनी आधी दाबावं. दादाकाका म्हणतात—"

"मला पाळणा म्हणून दाखवू नको. ती नावं काढता येत्यात का?"

"काढता येतात, पण..."

"किती वेळ लागतो?"

"वेळ काय, लगेच होतं. पण आई, काकांचं नाव काढलं तर ते आयुष्यभर बोलणार नाहीत आपल्याशी. घालताना घातलं, आता काढायचं म्हणजे... एकाचं काढलं तर दुसऱ्याचं का ठेवलं? दोघांचं काढलं तर जावयाचं का ठेवलं?"

"मग जावयाचंबी काढ."

"आई!"

"काय आई? तुला त्या कोटवाल्यानं काय शिकवलं हुतं? मधलं हात कमी करा म्हणून. तू काय केलंस? आमची आख्खी भावकी पंगतीला बसवलीस. तीन दिवस तिथं बसून तू नुसता जेवून आलास का रं?"

त्याला बोल लागला. बारीक आवाजात म्हणाला, "त्यांना काय सांगू? ते विचारतील, आईचं नाव कसं राहिलं मग."

आता हे त्यानं बरोबर विचारलं. मी व्हरांड्याच्या कठड्याला हात लावून उभी राहिले. खाली रिक्षावाले भांडत होते. माझं नाव त्या यादीत शेवटी होतं, म्हणजे सगळ्यात वर होतं. ती जागा मला कुणी मान म्हणून दिली नव्हती. मालक गेल्यावर चुलत्या-मालत्यांनी, बँकवाल्यांनी, व्यापाऱ्यांनी, सगळ्यांनी ओढून बघितली होती ती खुर्ची आणि मी उठले नव्हते. माझ्या सहीशिवाय गेट उघडत नाही, हे सांगलीपासून जतपर्यंत माहीत होतं. आणि त्या खुर्चीतनं आता मला एका झाडूच्या कागदानं उठवायचं होतं.

"माझं आधी काढ," मी म्हटलं.

"आई, तुझं कशाला? तू तर—"

"माझं आधी. मग दादासो, मग भाऊसो, मग विश्वजीतराव. एकटं तुझं ठेव. काम तू करतोस न्हवं? मग तूच दाब. चुकलं तर तूच शिव्या खा. कुणी इचारलं तर सांग, आक्काचं पहिलं काढलं. माझ्या नावाखाली सगळ्यांचं झाकून जाईल."

"विचार कर आई. परत घालता येणार नाही असं नाही, पण लोक म्हणतील पोरानं आईला—"

"लोकांचं कागद अडकल्यात का? काढ म्हणते ना मी. फोन ठेवू नको. काढ आणि सांग."

पलीकडं बोटांचा टकटक आवाज. मला वाटलं होतं काहीतरी होईल, निदान कळेल, आता माझं नाव गेलं म्हणून. काही झालं नाही. रिक्षावाल्यांचं भांडण मिटलं, एवढंच.

"काढलं," जयराज म्हणाला. "सगळ्यांची काढली. दाखला मी मंजूर केला. आता बघायला सांग."

मी आत गेले. सोनिया होती तिथंच उभी होती, टाच उचललेली नव्हती. अधिकाऱ्यानं फोन धरला. फोनमधून त्याच्या चष्म्यावर हिरवं पडलं.

"झालं," तो म्हणाला. कागदावर खूण केली, आणि मग माझ्या सहीकडं बघून म्हणाला, "ही राहू दे मावशी, अडचण नाही."

राहू दे म्हणे. माझ्या सहीला त्यानं परवानगी दिली.

बाहेर आल्यावर सोनिया माझ्या पाया पडायला वाकली.

"ऊठ. फरशी बघायची सवय गेली न्हाई तुझी अजून."

"आक्का, तुमी नसता तर—"

"मी नसते तर तुझा दाखला कवाच झाला असता. माझ्याच घरच्यांनी अडवला हुता. जा आता, वर काहीतरी भरायचं सांगत हुता तो, ते भर. आणि नवीन ठिकाणी कुणी 'चर्चा करावी' म्हटलं तर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बस आणि म्हण, करा."

ती हसली. पहिल्यांदाच तिचे दात बघितले मी.

ती वर गेली आणि माझा फोन वाजला. दादासो.

"वैनी, माझ्या फोनवर आलंय. तुमाला यादीतनं कमी केलंय म्हणून. ह्ये काय?"

"व्हय. केलंय."

"मला इचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. थोरलं दादा गेलं आन् आमी परकं झालो?"

"माझंबी काढलंय भावजी. आधी माझं काढलं."

"तुमचंबी?" मग जरा हळू, "आन् त्याचं?"

'त्याचं' म्हणजे भाऊसोंचं. नाव घ्यायचं नसतं.

"त्यांचंबी."

"नक्की? का मागनं परत घालणार हाय जयराज?"

"नक्की."

"मग ठीक हाय," दादासो म्हणाले. "मग काय हरकत न्हाई. तसा मला त्या टिंग टिंगचा वैतागच आला हुता."

त्यांनी ठेवला आणि लगोलग भाऊसोंचा आला. तेच. माझं काढलं का, व्हय, तुमचं का, व्हय, आणि त्यांचं? त्यांचंही म्हटल्यावर भाऊसो म्हणाले, "वैनी, तुमचा न्याय सरळ असतोय." माझ्या इतक्या वर्षांच्या कष्टांचं कौतुक त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ते निघालं भावाचं नाव पुसल्यावर.

जावयांचा फोन आला नाही. लेकीचा आला.

"आई, ह्यांचं नाव काढलंस?"

"मंगल, सगळ्यांचं काढलंय. माझंसुद्धा."

"सगळ्यांचं वेगळं, ह्यांचं वेगळं. जावई हायेत ते. कारखान्यात सगळ्यांना सांगितलंय त्यांनी, सासरच्या कंपनीत मंजुरी माझी असती म्हणून. आता काय तोंड दाखवायचं?"

"तोंड हाय तेच दाखव म्हणावं. जावई हायेत तर जावयासारखं या, पुरणपोळी खा, टावेल-टोपी घ्या. नळाच्या कागदावर कशाला बसायचं?"

"तू येणार हुतीस न्हवं आमच्याकडं? ह्यांचं डोकं फिरलंय. आज नको येऊ," मंगल म्हणाली. "थोडं दिवस जाऊ दे." आणि तिनंच फोन ठेवला.

मी तिच्यासाठी तूप आणि शेंगांची चटणी घेतली होती, गाडीत मागं ठेवलेली. ड्रायव्हरनं विचारलं, "आक्का, ताईंच्याकडं घेऊ?"

"सांगलीला घे," मी म्हटलं. "पोरगी खाली आली की."

सोनिया आली, मागं बसली. बापाला फोन लावून ओरडून ओरडून सांगत होती, तिकडं वारा असावा आणि त्याला ऐकू येत नसावं. गाडी हायवेला लागल्यावर जयराजचा फोन आला.

"आई, एक कागद आलाय. तुला वाचून दाखवू का आधी? नुसतं ऐक, मग मी दाबतो."

"माझं नाव हाय का यादीत?"

"नाही, पण..."

"मग मला कशाला इचारतोस? कागद तुझ्यासमोर हाय. आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघ आणि काय ते कर."

"तोंड कुठं दिसतंय आई, सिस्टिमवर आलाय."

"मग त्याला उठून ऑफिसात बोलव. पाय मोडल्यात का तुझे?"

"बरं. बोलावतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

कसला कागद होता ते मी विचारलं नाही. कराड मागं पडलं, इस्लामपूरचा फाटा आला, तरी डोक्यात तेच चाललं होतं, कुणाचा असेल, किती मालाचा असेल. पण विचारलं नाही. सोनियानं मागून शेंगांच्या चटणीचा डबा उघडू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "उघड, आणि मलाबी दे."